मध्यंतर संपलं आणि संघ कोर्टवर नाही: पंचांनी काय करायचं

फिबा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना, हिच्या नियमांनी खेळल्या जाणाऱ्या सामन्यात मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. ते संपलं तरी एखादा संघ ड्रेसिंग रूममध्येच आहे आणि त्यामुळे तिसरा क्वार्टर सुरू करता येत नाही, अशा वेळी पंचांनी काय करायचं हे फिबाच्या अधिकृत अन्वयार्थांत स्पष्ट दिलं आहे. संघ कोर्टवर आला की त्याच्या खात्यावर एक टाइमआउट लावायचा, म्हणजे संघाला मागून मिळणाऱ्या एक मिनिटाच्या विश्रांतींपैकी एक कमी करायची. त्या टाइमआउटचं मिनिट संघाला मिळत नाही, खेळ लगेच सुरू होतो. त्याआधी ताकीद द्यावी लागत नाही.

इतका सोपा नियम असूनही मैदानावर गोंधळ होतो, कारण तीन वेगवेगळे नियम डोक्यात एकत्र येतात. पहिला म्हणजे टाइमआउट संपल्यावर संघ बेंचजवळून हलत नाही तेव्हाचा. तिथे ताकीद असते. दुसरा, सामना सुरू होण्याआधी १५ मिनिटं वाट पाहण्याचा; तो मध्यंतराला लागू नाही. आणि तिसरा टेक्निकल फाउलचा (धक्क्याबद्दल नव्हे, वागणुकीबद्दलचा फाउल), जो अमेरिकन शालेय नियमांतून अनेकांच्या मनात बसलेला असतो. हे तीन बाजूला ठेवले की काम हलकं होतं.

घड्याळ कधी सुरू झालं, हे आधी ठरवा

उशीर झाला की नाही हा वाद जवळजवळ नेहमी घड्याळाचा वाद असतो. दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी भोंगा वाजतो आणि तिथून मध्यंतर सुरू होतं. पण शेवटच्या क्षणी फाउल झाला असेल आणि फ्री थ्रो बाकी असतील, तर ते आटोपेपर्यंत टायमरला, म्हणजे टेबलावर बसून वेळ मोजणाऱ्या अधिकाऱ्याला, थांबवून ठेवा. व्हिडिओवर निर्णय तपासायचा असेल तर अंतिम निर्णय जाहीर झाल्यावरच मध्यंतर मोजायचं. टेबलावरचा टायमर उत्साहाच्या भरात आधीच १५:०० लावून घड्याळ सुरू करतो आणि मग पुन्हा मागे घेतो, असं झालं की एका प्रशिक्षकाने पहिला आकडा पाहिलेला असतो आणि दुसऱ्याने दुसरा.

म्हणून क्रम ठरलेला असावा. भोंगा वाजल्यावर मुख्य पंचाने स्कोअररकडून गुणसंख्या पाहून घ्यावी, काही शिल्लक नाही याची खात्री करावी, आणि मगच टायमरला हाताने खूण करावी. टायमर स्कोअरबोर्डवर १५ मिनिटं उलटी सोडतो. स्कोअरबोर्डवर मध्यंतराचं घड्याळ दिसत नसेल, किंवा तोच बोर्ड मध्येच दुसऱ्या कामासाठी वापरला जाणार असेल, तर टायमरच्या हातात स्टॉपवॉच हवंच. स्टॉपवॉचवर चाललेली वेळ संघांना दिसत नाही, त्यामुळे तिसरा क्वार्टर किती वाजता सुरू होणार ते दोन्ही प्रशिक्षकांना कोर्ट सोडण्याआधी तोंडी सांगून ठेवा.

आयोजकांनी मध्यंतरात बक्षीस वाटप किंवा काही कार्यक्रम ठेवला असेल आणि तो लांबला, तर तो उशीर संघाचा नाही. कोर्ट रिकामं झालेलं नसताना संघ आत बसून राहिला म्हणून त्याचा टाइमआउट काढता येत नाही. मध्यंतराची लांबी बदलणार असेल तर सामना सुरू होण्याआधीच दोन्ही संघांना आणि टेबलाला सांगावं.

तीन मिनिटांची सूचना: खरं काम इथे आहे

तिसरा क्वार्टर सुरू होण्याआधी किमान ३ मिनिटं संघांना आणि पंचांना सूचना देणं ही नियमानुसार टायमरची जबाबदारी आहे. या वाक्यातला ‘किमान’ हा शब्द फार महत्त्वाचा. ड्रेसिंग रूम कोर्टला लागून असेल तर ३ मिनिटं पुरतात. ती दुसऱ्या मजल्यावर किंवा लांब बोळाच्या टोकाला असेल आणि यायलाच दोन मिनिटं लागत असतील, तर ३ मिनिटांची सूचना म्हणजे प्रत्यक्षात एकाच मिनिटाची सूचना. सामन्याआधी ते अंतर एकदा चालून पाहा. लागलेला वेळ ३ मिनिटांत मिळवा आणि तेवढ्या आधी निरोप पाठवा.

निरोप म्हणजे भोंगा नव्हे. बंद दाराआड, प्रशिक्षक फळ्यावर काहीतरी समजावत असताना भोंगा ऐकू येत नाही, आणि ऐकू आला तरी तो कशाचा हे कळत नाही. टेबलाकडून एक माणूस दारापर्यंत गेला पाहिजे. त्याने दार वाजवून प्रशिक्षक किंवा सहायक प्रशिक्षकाला वेळ सांगायची आणि ‘ऐकलं’ असं उत्तर मिळाल्याशिवाय परतायचं नाही. आत फक्त खेळाडू असतील आणि प्रशिक्षक दुसरीकडे असेल तर प्रशिक्षकाला शोधून सांगायचं. परत येऊन त्याने टायमरला दोन्ही संघांना निरोप पोचल्याचं सांगायचं. टायमरने ती वेळ कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. पुढे कोणी ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ म्हणालं तर एवढी एक ओळ पुरते.

हा माणूस कोण, हे सामन्याआधीच्या पंचांच्या बैठकीत ठरवा. टायमर स्वतः टेबल सोडून जाऊ शकत नाही. सहायक स्कोअरर किंवा आयोजकांचा स्वयंसेवक चालतो. नाव ठरलेलं हवं. ‘कोणीतरी जाईल’ असं ठेवलं की कोणीच जात नाही.

सूचनाच दिली गेली नसेल तर? इथे आमचं मत ठाम आहे: टेबलाने आपलं काम केलं नसेल तर संघाला दंड करू नका. माणूस पाठवा, संघाला बोलवा, खेळ सुरू करा आणि दुसऱ्या प्रशिक्षकाला कारण सांगा. पंच स्वतःच उशिरा बाहेर आले असतील तरी तेच. मध्यंतराला ५ मिनिटं उरली असताना पंच कोर्टवर असतील, तर बाकीच्यांची पावलंही आपोआप लवकर पडतात.

३ मिनिटं उरली की शिट्टी, दीड मिनिट उरलं की पुन्हा शिट्टी. दुसऱ्या शिट्टीला खेळाडूंनी सराव थांबवून आपापल्या बेंचकडे जायचं असतं. या दोन्ही शिट्ट्या म्हणजे पंचांसाठी तपासणीचे टप्पेही आहेत. तीन मिनिटांच्या शिट्टीला एक बाजू रिकामी दिसली तर लगेच टायमरला विचारा, निरोप पोचला का. दीड मिनिटालाही रिकामी असेल तर माणूस पुन्हा पाठवा. नियम दुसऱ्यांदा बोलावण्याची सक्ती करत नाही, पण हे दीड मिनिट वाया घालवून नंतर वाद अंगावर घेण्यात काही शहाणपण नाही.

घड्याळ शून्यावर आलं

आता समजा वेळ संपली आणि एक संघ नाही. मुख्य पंचाने चेंडू हातात ठेवावा. आलेल्या संघाचे पाच जण कोर्टवर उभे असले तरी चेंडू थ्रो-इनसाठी, म्हणजे रेषेबाहेरून आत टाकण्यासाठी, कोणाच्याही हाती देऊ नका. फिबाच्या नियमात थ्रो-इन करणाऱ्याच्या ताब्यात चेंडू गेला की मध्यंतर संपतं आणि क्वार्टर सुरू होतो. समोर संघच नसताना हे करून बसलं तर ते निस्तरणं कठीण.

टायमरने शून्यापासून पुढचा वेळ स्टॉपवॉचवर मोजायला घ्यावा. हा आकडा दंड ठरवण्यासाठी लागत नाही, कारण दहा सेकंदांचा उशीर आणि दोन मिनिटांचा उशीर यांना दंड एकच आहे. पण प्रकरण लांबलं तर अहवालात लागतो.

हजर संघाला थंड पडू देऊ नका. त्यांना आपल्या बेंचजवळ हालचाल करत राहायला सांगा आणि त्यांच्या प्रशिक्षकाला एका वाक्यात कल्पना द्या: ‘ते आले की त्यांच्यावर टाइमआउट लागेल आणि आपण लगेच सुरू करू.’ हे आधी सांगितलं की नंतर तो टेक्निकल फाउलची मागणी घेऊन टेबलाशी येत नाही.

संघ दारातून आत आला. आता पुढची कृती सलग करा, मध्ये गप्पा नकोत. शिट्टी. टेबलाकडे तोंड करून टाइमआउटची खूण, म्हणजे तळहातावर तर्जनी टेकवून इंग्रजी ‘टी’, आणि उघड्या हाताने त्या संघाच्या बेंचकडे निर्देश. स्कोअररला तोंडानेही सांगा, कारण या वेळी खूण पाहून टायमर सवयीने एक मिनिट सुरू करतो. मग त्या प्रशिक्षकाजवळ जाऊन सांगा: ‘तिसरा क्वार्टर तुमच्यामुळे उशिरा सुरू होतोय, एक टाइमआउट लावला आहे, पाच खेळाडू द्या.’ आवाज नेहमीचा असावा. हा हिशेबातला दंड आहे, शिस्तभंगाचा नाही; तो रागावून दिला की प्रशिक्षकही रागावून घेतो.

इथे प्रशिक्षक बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट म्हणतो. एक, ‘टाइमआउट लावलात ना, मग मिनिट द्या.’ नाही. हा टाइमआउट एक मिनिटाचा नसतो, हे अन्वयार्थात शब्दशः आहे. दोन, ‘मग मीच आता टाइमआउट मागतो.’ तेही नाही. क्वार्टरची खेळाची वेळ सुरू होण्याआधी टाइमआउट देता येत नाही. लावलेला टाइमआउट हा मागून मिळालेला नसून दंड आहे. आणि आल्यावर दोन-चार शॉट मारून अंग मोकळं करण्याची मुभाही नाही. ती वेळ त्यांनी आत घालवली.

बदली खेळाडूंची गोष्ट वेगळी. मध्यंतरात बदल करता येतात आणि तिसऱ्या क्वार्टरला पहिलेच पाच उतरवायचं बंधन नाही. चार आले, पाचवा अजून आत आहे आणि बेंचवर दुसरे बसले आहेत, तर त्यातला एक घ्यायला सांगा. दुखापत किंवा पाच फाउल यांमुळे संघाकडे चारच उरले असतील तर चारांनी खेळ सुरू होतो. खेळता येण्याजोगे खेळाडू दोनपेक्षा कमी उरले तरच सामना थांबतो आणि संघ हरतो.

संघ दाराबाहेर आला आहे, पण बेंचजवळ घोळका करून उभा आहे, ही मधली अवस्था सर्वांत जास्त वेळा दिसते. अन्वयार्थातलं उदाहरण ड्रेसिंग रूममधल्या संघाचं आहे; मूळ तत्त्व मात्र मध्यंतरानंतर कोर्टवर तत्परतेने न येण्याचं आहे. वेळ संपल्यावर पंचाने बोलावलं आणि संघ हलला, काही सेकंद गेले, तर खेळ सुरू करा. बोलावूनही हलला नाही आणि त्यामुळे खेळ अडला, तर टाइमआउट लावा. ‘अडला का’ हा प्रश्न स्वतःला विचारला की निर्णय सरळ होतो.

या दंडाची खरी किंमत

दुसऱ्या अर्धात प्रत्येक संघाला ३ टाइमआउट असतात. पहिल्या अर्धातले २ वेगळे; ते उरले असले तरी पुढे वापरता येत नाहीत. म्हणून लावलेला टाइमआउट स्कोअरशीटवर दुसऱ्या अर्धाच्या ओळीतच लिहायचा. पहिल्या अर्धातला एक शिल्लक होता म्हणून स्कोअरर तिथे लिहून मोकळा होतो, ही नेहमीची चूक आहे. तसं झालं तर दंड प्रत्यक्षात झालाच नाही. नोंद पंचाने स्वतः डोळ्यांनी पाहावी.

तिसरा क्वार्टर सुरू होताना तीनही टाइमआउट शाबूत असतात, त्यामुळे ‘टाइमआउटच उरला नाही तर काय’ हा प्रश्न इथे उद्भवत नाही. टाइमआउटनंतर रेंगाळणाऱ्या संघाच्या बाबतीत तो उद्भवतो: तिथे पहिल्या वेळी संघ परत निघाला तर ताकीद, बोलावूनही थांबून राहिला तर आणखी एक टाइमआउट, आणि शिल्लक नसेल तर प्रशिक्षकाच्या नावावर टेक्निकल फाउल, जो स्कोअरशीटवर ‘बी१’ असा लिहितात.

गेलेला टाइमआउट किती जड पडतो ते सामन्यावर अवलंबून आहे. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या २ मिनिटांत जास्तीत जास्त २ टाइमआउट घेता येतात. तोवर एकही वापरला नसेल तर तिसरा तसाही बाद होतो आणि स्कोअरर त्या चौकटीवर दोन आडव्या रेघा मारतो. म्हणजे दंड झालेल्या संघाने पुढे एकही टाइमआउट न घेता शेवटची २ मिनिटं गाठली, तर त्याचं काहीच गेलं नाही. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरचा संघ सलग गुण करत सुटला आणि लय तोडायला टाइमआउट घ्यावा लागला, की शेवटासाठी एकच उरतो. अटीतटीच्या सामन्यात ते महागात पडतं. प्रशिक्षकांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा.

संघ येतच नसेल तर

सामना सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत संघ हजर नसेल किंवा पाच खेळाडू उभे करू शकत नसेल, तर सामना बहाल होतो, हा नियम फक्त सामन्याच्या सुरुवातीसाठी आहे. मध्यंतरानंतर १५ मिनिटं वाट पाहा असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि १५ मिनिटं झाली म्हणून आपोआप काही होतही नाही. इथे लागू होतात ती त्याच कलमातली दुसरी दोन कारणं: मुख्य पंचाने खेळण्याची सूचना दिल्यावर संघाने नकार देणं, किंवा आपल्या वागण्याने सामना होऊ न देणं.

यातला ‘सूचना’ हा शब्द धरून चाला. मुख्य पंचाने स्वतः, शक्य असेल तर कमिशनरला (सामन्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला) सोबत घेऊन, ड्रेसिंग रूमपर्यंत जावं. आधी कारण विचारा. खेळाडू बेशुद्ध पडला असेल, दार अडकलं असेल, वीज गेली असेल तर तो नकार नाही. तिथे माणसाला मदत आधी, घड्याळ नंतर. संघ रुसून बसला असेल तर सरळ शब्दांत सांगा: कोर्टवर येऊन खेळ सुरू करा, न आल्यास सामना समोरच्या संघाला बहाल होईल. ऐकायला कर्णधार आणि प्रशिक्षक दोघेही असावेत. वेळ लिहा. नकार स्पष्ट झाला, तर सामना समोरच्या संघाला २०–० असा दिला जातो आणि न खेळणाऱ्या संघाला गुणतालिकेत ० गुण मिळतात. हा टोकाचा निर्णय आहे. स्पर्धेची स्वतःची नियमावली असेल तर ती उघडून पाहूनच घ्यावा, आणि स्कोअरशीटच्या मागच्या बाजूला सविस्तर अहवाल लिहूनच मुख्य पंचाने सही करावी.

उशिरा आलेला प्रशिक्षक पंचांशी अपमानास्पद बोलला, तर तो वेगळा गुन्हा. त्याचा टेक्निकल फाउल वेगळा. एक फ्री थ्रो, रांगेत कोणी उभं न राहता, तिसरा क्वार्टर सुरू होण्याआधी. त्यानंतर टेबलावरच्या बाणानुसार थ्रो-इन; पुढचा चेंडू कोणाचा हे तो बाण दाखवतो. उशिराचा टाइमआउट आणि हा फाउल एकमेकांत मिसळू नका, आणि टाइमआउटवरून झालेली नाराजी एका वाक्यात व्यक्त झाली तर ती ऐकून घ्या.

इतर नियमपुस्तकांत

अमेरिकन शालेय सामन्यांत मध्यंतर १० मिनिटांचं असतं आणि तिथे उशिराची मोजणी निराळी आहे. अर्ध सुरू होण्याच्या वेळी तयार नसल्यामुळे पूर्ण एक मिनिट गेलं, तर संघावर टेक्निकल फाउल लागतो: दोन फ्री थ्रो आणि वर मध्यरेषेपाशी चेंडू. म्हणजे ५९ सेकंदांपर्यंत काही नाही आणि मग एकदम मोठा दंड. तिथेही संघांना किमान ३ मिनिटं आधी सूचना पोचवायची असते. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने २०१७ मध्ये सगळ्या सामन्यांसाठी मध्यंतर १५ मिनिटांवर पक्कं केलं आणि ते संपताना संघ तयार नसेल तर खेळ लांबवल्याचा दंड ठेवला. या प्रकारात पहिल्या वेळी ताकीद असते, त्याच सामन्यात पुन्हा खेळ लांबवला तर टेक्निकल फाउल. सामना कोणत्या पुस्तकाने खेळला जातोय हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

घाईत सुटणाऱ्या गोष्टी

दंड बरोबर लावला आणि पुढच्या दहा सेकंदांत चूक झाली, असं होतं, कारण आता सगळ्यांना सुरू करायची घाई असते. थ्रो-इन देण्याआधी मुख्य पंचाने थांबून चार गोष्टी पाहाव्यात.

बास्केट बदलल्या आहेत का. उशिरा धावत आलेले खेळाडू पहिल्या अर्धाच्याच दिशेला जाऊन उभे राहतात. चुकीच्या दिशेने खेळ सुरू झाला तर लक्षात येताच, कोणाचं नुकसान न होता, थांबवून दिशा बदलावी लागते. तोवरचे गुण, फाउल आणि वेळ कायम राहतात. बाण फिरवला आहे का. बास्केट बदलतात म्हणून मध्यंतरात बाणाचं तोंड उलट करावं लागतं, आणि ते मध्यंतराच्या सुरुवातीलाच करून पंचाने पाहिलेलं असेल तर या घाईत शंका राहत नाही. उशिराच्या दंडामुळे बाणाचा हक्क बदलत नाही. बाण उशिरा आलेल्या संघाकडे असेल तर चेंडूही त्यालाच. दोन्ही बाजूंना पाच-पाच मोजा, सरावाचा टीशर्ट जर्सीवर राहिलेला असेल तर काढायला लावा. आणि स्कोअरबोर्डवर १०:०० आणि क्वार्टरचा आकडा ३ आहे का ते पाहा. टायमर वाढीव वेळ मोजत असेल तर मुख्य घड्याळ लावायचं हमखास राहतं.

मग थ्रो-इन टेबलाच्या समोरच्या बाजूला, मध्यरेषेच्या वाढवलेल्या भागावर. खेळाडू रेषेच्या दोन्ही बाजूंना एक-एक पाय ठेवून उभा राहतो आणि कोर्टवर कुठेही पास देऊ शकतो. टायमर आणि शॉट क्लॉक चालवणाऱ्याकडून अंगठ्याची खूण घ्या, दुसऱ्या पंचाकडे पाहा, आणि चेंडू हाती द्या.